साकव नेणाऱ्याचे नाव छापू नये

डिचोली तालुक्यातील एका गावातून सार्वजनिक बांधकाम खात्याचा एक साकव नाहीसा झाला. गावाचे नाव मी सांगणार नाही, शब्द दिला आहे. कारापूर मागे टाकले की पुढे एक वड लागतो, वडाला टेकून पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल उभी असते आणि पोदेराला हाक मारली तर तो उधारीवाला समजून ओ देत नाही. एवढी खूण पुरे. ओळखणाऱ्याने ओळखावे, मी काही बोललो नाही.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षे झाली होती. तोवर हे गाव माडाच्या दोन खोडांवरून व्हाळाचे पाणी ओलांडत असे, आणि जो पडे तो आपल्या कर्माने पडे. मग सरकार आले आणि त्याने लोखंडी तुळयांवर माट्टीच्या जाड फळ्या ठोकून साकव बांधला. माट्टीचे लाकूड पाण्यात कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि घरात असले तर नातवंडांनाही पुरते. यातला शेवटचा गुण खात्याने अंदाजपत्रक करताना विचारात घेतला नव्हता.

साकवावर एक राखणदार होता. बाबली त्याचे नाव, सावंतवाडीकडचा माणूस, बायको शेवंतीला घेऊन कामासाठी इकडे आलेला. त्याची नेमणूक दिवसाची होती. साकव रात्रीही असतो, ही गोष्ट खात्याच्या नजरेतून सुटली होती. पहिली फळी गेली तेव्हा बाबलीने लगेच वर कळवले. खात्याचे उत्तर आले की, साकवाचा भाग गेल्याची नोंद घेण्याची तरतूद नाही, संपूर्ण साकव गेल्यावर कळवावे. बाबली आज्ञाधारक. फळ्या एकेक करून जात राहिल्या, तो थांबला, आणि नुसत्या तुळया उरल्या तेव्हा त्याने पुन्हा कळवले. त्यावर खात्याने त्याला उशिरा कळवल्याबद्दल निलंबित केले. चौकशीला गुरुदास नावाचे अधिकारी नेमण्यात आले. जत्रेपर्यंत चोर सापडला नाही, तर बाबलीलाच चोर समजून पोलिसांच्या ताब्यात देण्यात येईल, असे त्यांनी त्याला सौम्य भाषेत समजावले.

आता गोकुळदास. डिचोलीच्या बाजारात याचा छापखाना. तिथे लग्नपत्रिका छापत आणि दोन मुहूर्तांच्या मध्ये वेळ मिळाला तर ‘तिठा’ नावाचे साप्ताहिक निघे. संपादक तोच, वार्ताहरही तोच, आणि स्वतंत्र बाण्यावर त्याची फार श्रद्धा.

एका दुपारी त्याच्याकडे सूत्र आले. सूत्र हे काही त्यांचे नाव नव्हे, पण वर्तमानपत्रात ज्याचे नाव छापायचे नसते त्याला सूत्र म्हणतात, आणि त्याने गुन्हा कबूल केला असेल तर आदरार्थी बहुवचन लावतात. सूत्रांनी टोपी काढली, पान काढले, चुना लावला आणि बसायला जागा शोधली. कचेरीत खुर्ची म्हणून एकच कदेल, तिच्यावर संपादक. सूत्र उभेच राहिले. त्यांची बोली मी जरा शुद्ध करून देतो, नाहीतर ओळखू येतील.

“गोकुळदासबाब, एक सांगायचं आहे. पण नाव छापायचं नाही.”

“‘तिठा’ने आजवर कुणाचं नाव फोडलेलं नाही,” गोकुळदास म्हणाला. “वधूवरांचं सोडून.”

“शब्द?”

“शब्द.”

“साकवाची फळी मी नेली.”

गोकुळदासने लेखणी खाली ठेवली. एरवी तो बातमीकडे चालत जाई आणि पोचेपर्यंत ती संपलेली असे. आज बातमी स्वतःच्या पायांनी आली होती.

“एकच फळी?”

“पहिली. सैल झाली होती ती. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकायचा. म्हटलं, कुणाचा पाय मोडण्यापेक्षा फळी माझ्या घरी बरी.”

“आणि बाकीचा साकव?”

“मी माझ्यापुरतं बोलतो. बाकीचं मला ठाऊक नाही.”

“मग खात्यात जाऊन सांगा ना.”

“तिथे आधी नाव विचारतात.”

“देवळात सांगा.”

“देवाला नाव ठाऊकच आहे. आडोसा काय तो तुमच्याकडे.” सूत्रांनी पान तोंडात घातले. “बाबलीला घरी बसवलं तेव्हापासून घास गोड लागत नाही हो. पण छापून आलं की पाप हलकं होतं म्हणतात. जेवढे वाचणारे, तेवढ्यांत ते वाटलं जातं.”

“आमचा खप फार नाही,” गोकुळदास प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग या वेळी जरा जास्ती छापा.”

त्या आठवड्याच्या ‘तिठा’वर जाड टाइपात मथळा होता: ‘होय, साकव मीच नेला! अपराध्याची हृदयस्पर्शी कबुली’. सूत्र अंक घेऊन कचेरीत परत आले.

“मी एक फळी म्हटलं होतं.”

“एका फळीची बातमी होत नाही. आणि तुमचं काय बिघडलं? ज्याला नावच नाही त्याने एक फळी नेली काय, सगळा साकव नेला काय.”

सूत्रांनी विचार केला. म्हणणे खोटे नव्हते. उलट, एका फळीच्या मानाने आख्खा साकव नेणाऱ्याची छाती जरा रुंद असते, असे त्यांना चालता चालता वाटू लागले. पुढच्या आठवड्यात ‘तिठा’च्या कचेरीत एक नवा बांक आला. रुंद, जड, दोन्ही टोकांना बोल्टाची भोके असलेला. ‘वाचकांच्या सोयीसाठी, हितचिंतकाकडून’ अशी चिठ्ठी वर होती. गोकुळदासने ती चिठ्ठी जपून ठेवली नाही, बांक ठेवला.

गावात अंक पोचला आणि एक चमत्कार झाला. गाव रागावले, हे तर रीतीला धरून होते. वडाखाली, देवळाच्या पायरीवर, न्हाव्याकडे, जिथे तिथे लोक त्या अपराध्याला शिव्या देऊ लागले. पण त्या शिव्यांत एक प्रकारची माया होती. “चोर झाला तरी मोठ्या मनाचा हो,” पोदेर उंडे मोजता मोजता म्हणाला. “सगळं आपल्या अंगावर घेतलं.” कित्येक दिवस ज्यांना झोप नव्हती ते गाढ झोपू लागले. लवकरच पंचायतीच्या पटांगणात जाहीर सभा झाली आणि ठराव एकमुखाने संमत झाला: पत्रकाराने आपल्या सूत्राचे नाव कोणत्याही परिस्थितीत उघड करू नये. नीतीविषयी एवढी कळकळ त्या गावाने पूर्वी कधी दाखवली नव्हती. सभेला अध्यक्ष मिळेना, तेव्हा सूत्रांनी आग्रहाखातर ते पद स्वीकारले.

सभेला बाबली नव्हता. निलंबित माणसाने सभेला जावे की नाही, हे त्याला कुणी लेखी कळवले नव्हते. शेवंती मात्र दुसऱ्या दिवशी उन्हातून चालत डिचोलीला गेली आणि ‘तिठा’च्या नव्या बांकावर बसली.

“भाऊ, साकव कोणी न्हेलो ता तुमका म्हायत असा मा?”

“आहे,” गोकुळदास म्हणाला. “पण बाये, मी शब्द दिला आहे.”

“माझ्या घोवाक पोलिसात देतत.”

“मला सहानुभूती आहे. पण तूच विचार कर. आज मी नाव सांगितलं, तर उद्या माझ्याकडे येऊन कोण सत्य सांगेल?”

“सांगून काय झालां? सत्य तुमच्या पेपरात गेला आणि बाबली घराक बसलो. सांगूचा तर पुराय सांगा, नायतर लग्नाच्यो पत्रिका छापा. तेतूर निदान दोनय नावां असतत.”

गोकुळदास दुखावला. “मी बाबलीवर अग्रलेख लिहितो,” तो म्हणाला. “कडक.”

“अग्रलेख कशावांगडा खातत, भाऊ?”

शेवंती उठली. उठताना तिने बांकावर हात फिरवला आणि म्हणाली, “बांक मातर बरो असा. मजबूत.” गोकुळदासला एकदम मुद्रिते तपासायची आठवण झाली.

शेवंतीमागोमाग गुरुदास आले आणि त्याच बांकावर बसले. गुरुदासांचा आवाज असा की, ते तुम्हाला फासावर द्यायला निघाले तरी चहाला बोलावतात असे वाटावे.

“संपादक, तुमची नीती आम्हाला मान्य आहे. सूत्राचे नाव सांगू नका.”

“सांगणार नाही.”

“नाहीच सांगायचं. फक्त सूत्र कोण नाही, तेवढं सांगा.”

गोकुळदासने पुष्कळ विचार केला. कोण आहे ते सांगणे हा विश्वासघात, पण कोण नाही ते सांगण्यात कुणाचा घात? शब्द जसाच्या तसा राहत होता आणि सरकारलाही मदत होत होती. त्याने त्याच दिवशी प्रमाणपत्रे छापायला घेतली: ‘सदर इसम आमचे सूत्र नसल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का. प्रमाणपत्र वर्गणीदारांनाच मिळेल, अशी एक बारीक ओळ होती. ‘तिठा’ला एवढे वर्गणीदार पूर्वी कधी मिळाले नव्हते.

गावाने रांग लावली. पोदेर आला, शाळेचे मास्तर आले, देवळात गाऱ्हाणे घालणारे वृद्ध सगुण गावकर काठी टेकत आले. लोक प्रमाणपत्रे चौकटीत बसवून दारावर लावू लागले. ज्याच्या दारावर ते नसे त्याच्याकडे सोयरीक न्यायला लोक कचरू लागले. आणि एका सकाळी रांगेत सूत्र उभे दिसले. त्यांचा नंबर आला तेव्हा गोकुळदास मेजावरून वाकून कुजबुजला, “तुम्ही कशाला?”

“मी रांगेत नसलो तर लोक म्हणतील, हा का नाही?”

“अहो, पण हे खोटं प्रमाणपत्र होईल.”

“मग देऊ नका. बाहेर सगळे बघताहेत. मला नाही म्हणालात की झालं, नाव फुटलं.” सूत्रांनी खिशातून वर्गणी काढली. “तुमचा शब्द खरा ठेवायचा तर कागद खोटा होणारच, गोकुळदासबाब. दोन्ही खरे कसे राहतील?”

गोकुळदासने डोळे मिटले आणि शिक्का मारला. तत्त्वासाठी माणसाला काय काय करावे लागते.

शेवटी बाबली आला. गोकुळदासने त्याला वर्गणीशिवाय प्रमाणपत्र द्यायचे ठरवले होते, एवढे मन त्याला होते. पण बांकावर गुरुदास बसले होते. निलंबित कर्मचाऱ्याला खात्याच्या परवानगीवाचून कोणतेही प्रमाणपत्र घेता येत नाही, असे त्यांनी हसून सांगितले.

“मगे परवानगी द्या, सायबानूं.”

“अर्ज कर. मात्र अर्ज कामावर असलेल्या कर्मचाऱ्यानेच करायचा असतो.”

गुरुदासांचा अहवाल त्यानंतर फार वेळ घेणार नव्हता. गावातील यच्चयावत माणसे सूत्र नसल्याचे प्रमाणित झाले आहे. उरला बाबली. सबब सूत्र बाबलीच. आणि सूत्राने साकव नेल्याची कबुली ‘तिठा’मध्ये आधीच प्रसिद्ध झाली असल्याने पुराव्याची वेगळी गरज नाही.

गोकुळदास कदेलीवरून ताडकन उठला. “ती कबुली बाबलीची नाही!”

“मग कुणाची?”

गोकुळदास हळूच पुन्हा कदेलीवर बसला.

“सांगता येत नाही ना?” गुरुदास मायेने म्हणाले. “तेच म्हणतो मी. तुमच्या नीतीला धक्का न लावता प्रकरण मिटलं.”

जत्रा चार दिवसांवर आली. बाबलीने आपली दोन धोतरे धुऊन ठेवली, तुरुंगात काय नेऊ देतात हे त्याला माहीत नव्हते. शेवंतीने धोतरे पाहिली आणि सोमवारी एक नारळ घेऊन देवळात गेली.

नारळ देवापुढे ठेवला की गाऱ्हाणे घालावे लागते, त्याला ठराव लागत नाही. आणि गाऱ्हाण्यात एक मोठी सोय आहे. नाव घ्यावे लागत नाही. ‘जो कोण असात तो’ एवढे म्हटले की पुरते, पुढचा पत्ता देव काढतो. गोकुळदासला ज्या गोष्टीने घाम फोडला ती आमचा देव पूर्वापार करत आला आहे. माणसांनी फक्त प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. ते म्हटले की त्या मागणीवर म्हणणाऱ्याची सही झाली.

सोमवार असल्याने सगळे गाव देवळात होते. गोकुळदास बातमीसाठी आला होता, गुरुदास निरीक्षणासाठी, सूत्र पुढच्या ओळीत. सगुण गावकरांनी काठी बाजूला ठेवली, हात जोडले आणि खडा आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्याफुडे नारळ ठेवलो असा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सभामंडप दणाणला.

“गावात रोगराय येव नको, गुरांवासरांक, पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पारवे उडाले.

“आणि सरकारी साकवाची फळी जो कोण घेवन गेलो असात...” इथे सगुण गावकरांना ठसका लागला. पाणी पिऊन ते पुढे म्हणाले, आवाज मात्र मघाचा नव्हता. “तेका त्या फळयेर सुखान बसाक मिळा नको, तेच्यार ठेवलेला अन्न पचा नको, रे म्हाराजा.”

सभामंडपात समईची वात चुरचुरलेली ऐकू आली. पोदेर छताकडे बघत होता. मास्तर धोतराचा सोगा नीट करत होते. गोकुळदास बातमी टिपून घेत होता, आणि सूत्रांनी नेमके तेव्हाच पान तोंडात भरले होते.

“व्हय म्हाराजा,” मागून एकट्या बाबलीचा आवाज आला. त्यापाठोपाठ शेवंतीचा.

काय झाले होते ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. सूत्रांनी सैल फळी लोकांच्या सुरक्षिततेसाठी नेली. त्यामुळे साकवात भोक पडले. भोकाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या धोक्याच्या झाल्या, म्हणून त्या पोदेराने आणि मास्तरांनी काढल्या. भोक वाढले तसा धोका वाढला आणि जो तो आपापल्या परीने तो कमी करत गेला. अखेरीस साकव इतका सुरक्षित झाला की त्याच्यावरून कुणाला पडताच येईना.

मंगळवारी सकाळी साकव जाग्यावर होता. कोण कोण घेऊन आले ते कुणी पाहिले नाही, पाहणारा कुणी घरी राहिलाच नसावा. एका फळीला अजून पिठाचा आणि पाव आंबवायच्या सुरेचा वास होता. एकीला कपाटाची कडी होती, एकीवर पोरांची उंची मोजल्याच्या रेघा, एकीला भाताच्या पेटाऱ्याची बिजागरी, ती सगुण गावकरांची. गाव त्या साकवावरून पलीकडे गेले आणि परत आले, आणि बाबलीशी सगळे फार प्रेमाने बोलले. फक्त बरोब्बर मध्यावर एक फळी नव्हती. पहिली.

गुरुदासांपुढे पेच पडला. साकव आहे म्हणावे तर एक फळी नाही, नाही म्हणावे तर साकव आहे. त्यांनी न्याय केला. साकव ज्या प्रमाणात परत आला त्या प्रमाणात बाबलीला कामावर घेण्यात आले. उरलेल्या फळीपुरते त्याचे निलंबन कायम राहिले. हिशेब करून त्याला दर बुधवारी निलंबित ठेवायचे ठरले. ज्या दिवशी फळी मिळेल त्या दिवसापासून त्याचा बुधवार त्याला परत मिळेल.

‘तिठा’ने ‘आमच्या पाठपुराव्याला यश’ असा मथळा दिला. सूत्रांचे मन आता स्वच्छ आहे. ते म्हणतात, “माझ्याकडे फळी कुठे आहे? मी तर ती दान केली.” आणि गोकुळदास? बांक परत करायला त्याची मुळीच हरकत नाही. पण परत केला तर लोक विचारणार, हा आला कुठून, आणि उत्तर दिले तर सूत्राचे नाव फुटणार. शब्द म्हणजे शब्द. म्हणून तो तत्त्वासाठी त्या बांकावर बसून असतो. हल्ली त्याला बसल्यावर पाठ धरते, पण सोसतो.

बुधवारी बाबलीला पगार नसतो. तरी तो येतो आणि साकवाच्या मध्यावर, त्या भोकाजवळ बसतो. “पाय सांबाळून,” म्हणतो, शाळेच्या पोरांना एकेक करून उचलून पलीकडे ठेवतो. खात्याच्या दृष्टीने तो त्या दिवशी तिथे नसतो.

तर ही गोष्ट. मी ती तुम्हाला विश्वासाने सांगितली आहे. फळी कुठे आहे ते गोकुळदासला ठाऊक, सूत्रांना ठाऊक, मला ठाऊक, आणि मघाशी बांकाला बोल्टाची भोके आहेत असे मी म्हटले तेव्हापासून तुम्हालाही ठाऊक. तेव्हा तुम्ही उठून कुठे कळवायला गेला नाहीत. जरा हसलात आणि पुढे वाचत राहिलात. सूत्र म्हणत होते त्यात काही खोटे नाही, वाटले जाते खरे.

मी आता एक नारळ ठेवतो. बा देवा म्हाराजा, फळी खंय असा ता म्हायत असान जो कोण गप रवलो असात, तेका कंचाय बांकार सुखान बसाक मिळा नको रे म्हाराजा.

बाबलीचा आवाज आला. शेवंतीचाही आला.

तुमचा काही ऐकू आला नाही.